संत्र्याचा स्क्वॅश, तीस तास आणि दोन क्रेडिट

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नागपुरातल्या एका संलग्न महाविद्यालयात अन्नविज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापिकेनं हे पत्र पाठवलं आहे. महाविद्यालय स्वायत्त नाही. त्यांच्या विभागानं 'संत्रा प्रक्रिया' हा ३० तासांचा शॉर्ट कोर्स आखलाय. त्यातले ८ तास वर्गात आणि २२ तास प्रयोगशाळेत. प्रॅक्टिकल शिकवायला काटोलकडचे एक प्रक्रिया उद्योजक येणार आहेत. जागा ४०, त्यात ३० विद्यार्थी आणि १० बचत गटातल्या महिला. प्राचार्य म्हणतात, दोन क्रेडिट द्या, शेवटी गूगल फॉर्मवर ५० मार्कांचा बहुपर्यायी प्रश्नांचा पेपर घ्या, हजेरी ७५ टक्के असली की पास करा. "शॉर्ट कोर्सात कोणी नापास झालं तर पुढच्या वर्षी येणार कोण?" उद्योजकांचं म्हणणं, ज्यानं बाटली भरली तो पास. महिला आत्ताच विचारताहेत, "आमाले परीक्षा कायले पायजे, मॅडम?" प्राध्यापिकेला प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायची आहे, पण दोन परीक्षकांचे गुण कधीच जुळत नाहीत, त्यापेक्षा पर्यायी प्रश्न निदान निःपक्षपाती तरी असतात, असंही त्यांना वाटतं. त्या विचारतात: दोन क्रेडिट देणं चूक आहे का? एवढ्याशा कोर्सला परीक्षा हवीच का? की मीच उगाच ताणतेय?

मॅडम,

तुम्ही उगाच ताणत नाही. मात्र तुमचं खरं भांडण परीक्षेशी नसून आकड्यांशी आहे असं मला वाटतं, म्हणून आधी आकडेच बघू.

हा कोर्स ३० तासांचाच का? पत्रात कारण नाही, पण अंदाज करता येतो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या नमुन्यात मूल्यवर्धित कोर्स मोजताना ३० किंवा त्याहून जास्त तासांची अट असायची, तेव्हापासून आपल्याकडे जो तो शॉर्ट कोर्स बरोब्बर ३० तासांचा निघतो. बरं, क्रेडिट दोनच का? २०२३ च्या शासन निर्णयानंतर पदवीची जी नवी चौकट आली, तिच्यात कौशल्याच्या विषयाचा रकाना बहुतेक ठिकाणी दोन क्रेडिटचा असतो, म्हणून. म्हणजे तास एका तक्त्यातून आले, क्रेडिट दुसऱ्या तक्त्यातून. स्क्वॅश शिकायला किती वेळ लागतो हे अजून कोणी विचारलेलंच नाही. सुरुवात तिथून करायला हवी होती.

तरी हिशेब करू. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यात वर्गातल्या व्याख्यानाचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट, आणि प्रयोगशाळेतल्या किंवा क्षेत्रकामाच्या ३० तासांना एक क्रेडिट. या फरकाला कारण आहे. एक तास व्याख्यान ऐकलं की घरी तेवढाच वेळ वाचन होईल असं गृहीत धरलेलं असतं, प्रयोगाचं काम मात्र टेबलापाशीच संपतं. एप्रिल २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यातही एक क्रेडिट म्हणजे शिकण्याचे एकूण ३० तास, वर्षाला १,२०० तास आणि ४० क्रेडिट, असाच हिशेब आहे.

आता तुमचा कोर्स. वर्गातले ८ तास भागिले १५, म्हणजे अर्ध्याहून किंचित जास्त. प्रयोगशाळेचे २२ भागिले ३०, म्हणजे पाऊणच्या आसपास. बेरीज सव्वा क्रेडिट. प्राचार्यांच्या दोनमध्ये सगळे ३० तास व्याख्यानाच्या दरानं मोजलेत. त्यांनी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, १५ चा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसलाय इतकंच. पण २२ तास मुलं रस काढणार, गाळणार, बाटल्या निर्जंतुक करणार, आणि कागदावर ती व्याख्यानाला बसलेली दिसणार. हे पुढे कोणी विचारलं तर सही तुमची असेल.

म्हणजे दोन क्रेडिट देता येत नाहीत का? येतात की, पण तास वाढवून. वर्गातले दोन तास वाढवा, म्हणजे १० होतील. प्रयोग आणि क्षेत्रकामाचे १८ वाढवा, ४० होतील. १० भागिले १५ अधिक ४० भागिले ३०, बरोब्बर दोन. २० तास जास्तीचे लागले, म्हणजे चार-चार तासांचे पाच शनिवार. त्यातला एक शनिवार एखाद्या पॅकिंग हाउसमध्ये घालवा, एक बाजारातल्या बाटल्यांची लेबलं वाचण्यात. उरलेल्या तिघांत प्रत्येक मुलाला स्वतःच्या हातानं पहिल्यापासून शेवटपर्यंत एक बॅच काढू द्या. सध्याच्या २२ तासांत ४० जणांपैकी किती जणांना पूर्ण बॅच एकट्यानं करायला मिळणार आहे? मला शंका आहे. गटात चार जण असले की एक जण करतो, दुसरा लिहून घेतो, आणि बाकीचे दोघे मोबाईलवर व्हिडिओ काढतात.

आता परीक्षेचं.

प्राचार्यांची योजना पाहिली तर तिच्यात परीक्षा नाहीच, हजेरी आहे आणि हजेरीला शोभा म्हणून एक फॉर्म आहे. हजेरीवर प्रमाणपत्र खुशाल द्या, त्यात काही कमीपणा नाही. क्रेडिटची गोष्ट वेगळी. ते विद्यार्थ्याच्या खात्यात, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जाऊन बसतं आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे सात वर्षांपर्यंत चालतं. उद्या हीच मुलगी दुसऱ्या गावच्या विद्यापीठात प्रवेश घेईल. तिथल्या माणसानं तुम्हाला पाहिलेलं नाही, तुमची प्रयोगशाळा पाहिलेली नाही. तो दोनचा आकडा वाचून तिला एका विषयातून सूट देईल. राष्ट्रीय आराखड्यानं क्रेडिटसाठी मूल्यमापनाची अट घातली ती याचसाठी. स्वयम्-एनपीटीईएलचे ऑनलाइन कोर्स बघा. चार आठवड्यांना एक क्रेडिट, आठला दोन, बाराला तीन. कोणी सगळे व्हिडिओ दोनदा पाहिले तरी केंद्रावर जाऊन परीक्षा दिल्याशिवाय त्याला काही मिळत नाही. एनपीटीईएलमध्ये साप्ताहिक असाइनमेंटला २५ आणि या परीक्षेला ७५ गुण असतात, आणि दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं. लाखो मुलं ते देतात. परीक्षा असली की कोणी येत नाही, हे प्राचार्यांचं म्हणणं मला त्यामुळे पटत नाही. निरर्थक परीक्षेचा मात्र मुलांना कंटाळा येतो, आणि तो योग्यच आहे.

पर्यायी प्रश्न निःपक्षपाती असतात, हे तुमचं गृहीतकही एकदा तपासून बघा. तपासनीस बदलला तरी त्यांचे गुण बदलत नाहीत, हे खरं. पण ते मोजतात काय? 'स्क्वॅशमध्ये टीएसएस (एकूण विद्राव्य घटक) किती टक्के असावं' या प्रश्नाला चाळीसवर खूण करणारा मुलगा पाठांतरात हुशार आहे एवढंच कळतं. आता तोच प्रश्न टेबलावर ठेवून बघा. एक किलो गाळलेला रस, टीएसएस मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर, वजनकाटा, साखर, सायट्रिक आम्ल. सांगायचं एवढंच: स्क्वॅशमध्ये रस किमान २५ टक्के आणि टीएसएस किमान ४० टक्के बसेल अशी बॅच मांड, साखर मोजून दाखव. मुलगा काच पुसतो की आधीच्या रसावरच नवा थेंब टाकतो? आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्य लावून घेतो का? वाचन समजा ११ ब्रिक्स, म्हणजे ११ टक्के, आलं. एक किलो रसाचा चार किलो स्क्वॅश होणार, त्यात विद्राव्य घटक हवेत १,६०० ग्रॅम, रसातून आले ११०, आम्लाचे ४० धरा, उरली साखर १,४५०. हे त्यानं कागदाच्या कोपऱ्यात मांडलं, की शेजाऱ्याच्या टेबलाकडे बघून दीड किलोची पिशवीच ओतली? पाच-सात मिनिटांत तुम्हाला जे दिसेल, ते ५० पर्यायी प्रश्नांत दिसायचं नाही.

आणि एखादा प्रश्न नागपुरी संत्र्याचाच असू द्या. काढताना गोड लागलेला रस थोड्या वेळानं कडू का झाला? पुस्तक वाचलेला 'लिमोनिन' म्हणेल, त्याला अर्धे गुण. पिळताना बिया चिरडल्या, पांढरा पापुद्रा रसात गेला, तापवलं तेव्हा कडवटपणा वाढला, हे जो सांगेल आणि पुढच्या वेळी काय बदलेल तेही सांगेल, त्याला पूर्ण.

दोन परीक्षकांचे गुण जुळत नाहीत याला माणसं जबाबदार नसतात, गुणपत्रिका कोरी असते हे त्याचं कारण. '२० पैकी गुण' असा एकच रकाना दिला तर एक परीक्षक १२ देईल, दुसरा १८. तोच भाग फोडा. वरच्या कामाचे १० गुण धरले तर उपकरण पुसून शून्य लावणं २, वाचन २, हिशेबाची मांडणी ३, वजन २, टेबलाची स्वच्छता १. वाचन चुकलं पण त्यावरून केलेला हिशेब बरोबर असला तर हिशेबाचे तीन पूर्ण मिळतील, हेही आधीच लिहून ठेवा. मग परीक्षेच्या आदल्या दिवशी दोन्ही परीक्षकांनी एकाच मुलाचं काम वेगवेगळं तपासून बघावं. फरक कुठे पडतो ते लगेच कळतं, आणि तो बहुधा एखाद-दुसऱ्या ओळीतच असतो.

वेळेचं म्हणाल, तर ३० मुलांना प्रत्येकी २० मिनिटं द्यायची म्हणजे १० तास, एका दिवसात ते होणार नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत वर्षानुवर्षं वापरतात ती पद्धत घ्या. सहा टेबलं, प्रत्येक टेबलाला सात मिनिटं, घंटा वाजली की पुढचं टेबल. सहा-सहांच्या पाच तुकड्या साडेतीन तासांत आटोपतात. सहाही टेबलांवर परीक्षक लागत नाहीत. दोन टेबलांवर बघायला माणूस ठेवा, उरलेल्या चारांवर लेखी उत्तर. एका टेबलावर चुकीचं लेबल लावलेली बाटली, चुका ओळखा. एकावर फसलेली बॅच, तळाशी साका बसलेला, कारण लिहा. टिकाऊपणासाठीचं केएमएस किती आणि कधी टाकायचं, हे एकावर. पूर्ण बॅच काढायचं काम मात्र या सात मिनिटांत कोंबू नका. ते शनिवारीच, कोर्स चालू असताना, जर्नलमध्ये नोंदी घेऊन तपासा आणि त्याचे गुण शेवटच्या परीक्षेइतकेच ठेवा.

यातली एक अडचण कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. विद्यापीठाच्या वेळापत्रकानुसार प्रॅक्टिकल परीक्षा एप्रिल-मेमध्ये ढकलली गेली, तर संत्री आणणार कुठून? आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारीपासून फार तर एप्रिलपर्यंत. मे महिन्यात कॉटन मार्केटमध्ये जाऊन नागपुरी संत्रं मागा, लोक तुमच्याकडे बघत राहतील. कोर्स फेब्रुवारीत सुरू करा आणि परीक्षा मार्चच्या आत संपवा. नाहीच जमलं तर रस काढून डीप फ्रीझरमध्ये ठेवा, पण फ्रीझरमधल्या रसावर कडवटपणाचा प्रश्न विचारू नका. उन्हाळ्यात परीक्षा घेतलीच तर तापमानाची दुरुस्ती आपोआप न करणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचं वाचन कमी येईल, कारण तो २० अंशांवर बसवलेला असतो आणि आपली प्रयोगशाळा तेव्हा चाळिशीला टेकलेली असते. मुलाचे गुण त्यापायी जायला नकोत.

उद्योजकांकडे वळते. 'बाटली भरली तो पास' हे त्यांचं वाक्य मला आवडलं, खोटं का बोलू. त्यांना कामाची किंमत कळते आणि कागदाची फारशी फिकीर नाही. असा माणूस शिकवायला हवाच. पण ज्यानं शिकवलं त्यानंच एकट्यानं पास करायचं, हे क्रेडिटच्या कामात चालत नाही. शिकवताना त्यानं कुठे मदतीचा हात दिला, कुणाची बाटली स्वतः सील करून दिली, हे त्याचं त्यालाही आठवत नसतं. त्यांना दोनपैकी एका टेबलावर बसवा, दुसऱ्यावर बाहेरचा माणूस. नागपुरात त्याची वानवा नाही. अमरावती रोडला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, महाराजबागेला लागून कृषी महाविद्यालय आहे. प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन महिनाभर आधी जा. मानधनाचा आकडा आधी ठरवा, नंतर त्यावरून फार अवघडल्यासारखं होतं.

महिलांच्या प्रश्नाला मी तुमच्याइतकी घाबरत नाही, कारण त्यांचं म्हणणं रास्त आहे. त्यांना क्रेडिट कायले पायजे? त्या कुठल्या पदवीला बसलेल्या नाहीत. त्यांना स्क्वॅश टिकायला हवा, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, नोंदणी कशी काढायची ते कळायला हवं, आणि प्रदर्शनात स्टॉलवर लावता येईल असा एक कागद हवा. त्यांना क्रेडिटच्या रांगेत उभं करू नका. मात्र त्यांच्या वतीनं 'त्यांना परीक्षा झेपणार नाही' असंही ठरवून टाकू नका. त्यांना भीती लिहिण्याची असते, कामाची नसते. टेबलं मांडलेलीच आहेत, ज्यांची इच्छा असेल त्यांना सहाच्या सहा टेबलांवर तोंडी उत्तर देऊ द्या, मराठीत, वऱ्हाडीत, जशी येईल तशी. पास होतील त्यांना 'मूल्यमापनासह पूर्ण' असं प्रमाणपत्र, बाकीच्यांना 'सहभाग'. दोन कागदांवरचा मजकूर वेगळा ठेवा आणि पहिल्यावर तास, काय करता येतं आणि परीक्षा कशी झाली ते दोन ओळींत छापा. सोनेरी किनार आणि तीन लोगो कमी केले तर तेवढी जागा सहज निघते.

नापास करण्याबद्दल. ३० मुलांत पाच-सहा जण पहिल्या फेरीत अडकतील. त्यांना नापासचा शिक्का मारण्याची घाई नको. जे टेबल चुकलं तेवढंच, दोन आठवड्यांच्या आत, पुन्हा. पण हे कोर्सच्या पहिल्या दिवशी छापून द्या, परीक्षेनंतर रडारड पाहून ठरवू नका. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर क्रेडिट नाही, सहभागाचा कागद आहे. प्राचार्यांना हे बहुधा पटेल, कारण त्यांना निकालाच्या टक्केवारीची धास्ती आहे, आणि दुसऱ्या संधीनंतर ती टक्केवारी बरीच सावरते.

आता सगळ्यात कोरडा भाग, पण तो चुकला तर बाकीचं सगळं वाया. तुमचं महाविद्यालय संलग्न आहे, स्वायत्त नाही. क्रेडिट देणारी आणि खात्यात जमा करणारी संस्था म्हणजे विद्यापीठ. तुम्ही प्रमाणपत्रावर 'दोन क्रेडिट' छापून मोकळे झालात तर त्याला कागदापलीकडे किंमत नाही, आणि मुलं दोन वर्षांनी येऊन विचारतील की मॅडम, आमच्या खात्यात का दिसत नाही. अभ्यासक्रम आधी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे आणि तिथून विद्या परिषदेकडे जायला हवा. प्रस्तावात शेवटी मुलाला काय करता यायला हवं ते चार-पाच वाक्यांत, तासांची फोड, गुणांची फोड आणि टेबलांची नमुना गुणपत्रिका जोडा. गुणपत्रिका जोडलेला प्रस्ताव सहसा लवकर वाचला जातो. प्रत्येक मुलाचा एबीसी (क्रेडिट बँकेतल्या खात्याचा) किंवा अपार (विद्यार्थी ओळख) क्रमांक पहिल्याच दिवशी घ्या आणि त्यावरचं नाव गुणपत्रिकेवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का बघा. डेटा पुढे अडतो तो बहुतेक वेळा नावातल्या स्पेलिंगपाशी.

हे सगळं फेब्रुवारीपर्यंत होईल का? मला कठीण दिसतं. म्हणून माझं मत विचाराल तर यंदा ३० तासांचा कोर्स क्रेडिटविना घ्या, पण परीक्षा खरी घ्या, वर लिहिली तशी. टेबलं मांडून बघा, कुठे घोळ होतो ते कळेल, गुणपत्रिका दुरुस्त होईल. पुढच्या वर्षासाठी ५० तासांचा, दोन क्रेडिटचा प्रस्ताव याच अनुभवावर लिहा. प्राचार्यांना 'दोन क्रेडिट नियमात बसत नाहीत' असं थेट सांगितलंत तर ते वैतागतील. त्याऐवजी अर्ध्या पानावर तासांचा हिशेब मांडून त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा, सर, नॅकच्या त्या जुन्या अटीला यंदाचे ३० तास पुरतात, क्रेडिटसाठी २० कमी पडतात, पुढच्या वर्षी ते भरून काढू. त्यांना दोन्ही रकाने भरायचे आहेत, तुम्ही ते नाकारत नाही, फक्त क्रम लावून देताय. तरीही ते यंदाच दोन क्रेडिट छापा म्हणाले, तर तो आदेश लेखी मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच थांबतो.

इतर महाविद्यालयांतून टॅली, ब्युटी पार्लर, माती परीक्षण, सोलर पॅनल जोडणी अशा कोर्सांबद्दलही साधारण हीच विचारणा करणारी पत्रं आली आहेत. त्यांनी संत्र्याच्या जागी आपला विषय घालून वाचावं. टॅलीच्या परीक्षेत बिलांचा गठ्ठा आणि रिकामी कंपनी फाईल द्या, सोलरच्या परीक्षेत मुद्दाम उलटी जोडलेली वायर ठेवा. तासांची फोड आणि गुणांची फोड तीच.

आणि मॅडम, खरेदीच्या यादीत आणखी दोन रिफ्रॅक्टोमीटर घाला. ४० जणांत एकच असेल तर प्रयोगाच्या तासांतला बराच वेळ मुलांचा रांगेतच जाईल.